हाँगकाँगच्या चित्रपटांतील रसमिश्रण

हाँगकाँगच्या चित्रपटांवर एक आक्षेप वारंवार घेतला जातो. त्यांत मारामारी आहे, भुतें आहेत आणि पोट धरून हसविणारा पोरकटपणाहि आहे. परंतु यांपैकीं एकहि रस शेवटपर्यंत टिकत नाहीं, असें परीक्षक म्हणतात. १९८५ सालचा ‘मिस्टर व्हॅम्पायर’ हा चित्रपट याचें ठळक उदाहरण होय. त्यांत चिंग राजवटींतील अधिकाऱ्याच्या वेषांतलें एक प्रेत ताठ अंगानें उड्या मारीत चाल करून येतें. त्याला माणसाचा माग लागतो तो श्वासावरून. म्हणून तें जवळ येतांच पात्रें श्वास कोंडून उभीं राहतात. ताओपंथी गुरु त्याच्या कपाळीं मंत्र लिहिलेला पिवळा कागद चिकटवितो, तेव्हां कोठें तें थिजतें. आपण भ्यालों कीं हसलों, हें प्रेक्षकाला धड सांगतां येत नाहीं.

हा दोष कीं गुण, हें ठरविण्यापूर्वी या मिश्रणाचा उगम पाहिला पाहिजे. तो रंगभूमींत आहे. पेकिंगच्या संगीत नाटकांत नटाला गायन, भाषण, अभिनय आणि युद्ध या चारहि विद्या आल्याच पाहिजेत, असा दंडक आहे. पात्रांचे वर्गहि चार : पुरुष, स्त्री, रंगविलेल्या चेहऱ्याचा वीर आणि नाकावर पांढरा पट्टा रंगविणारा विदूषक. सेनापतीचें युद्ध आणि विदूषकाच्या कोलांट्या एकाच रंगमंचावर पाहावयाची संवय असलेल्या प्रेक्षकाला रसांची सरमिसळ परकी वाटावी तरी कां?

चित्रपटानें हा वारसा प्रथम शांघायमध्यें उचलला. १९२८ सालीं तेथें ‘रक्तकमल-मंदिराचें दहन’ हा चित्रपट निघाला. तो इतका लोकप्रिय झाला कीं १९३१ पर्यंत त्याचे १८ भाग झाले. त्याच वर्षीं राष्ट्रवादी सरकारनें, अंधश्रद्धा पसरते म्हणून, असल्या चित्रपटांवर बंदी घातली. पुढें या परंपरेला ब्रिटिश हाँगकाँगमध्यें आश्रय मिळाला. १९४९ सालीं तेथें वोंग फेई-हुंग या वैद्य-मल्लावरील चित्रपटमालिका सुरू झाली. तिचा नायक क्वान ताक-हिंग हा कँटनी रंगभूमीवरचाच नट. ब्रूस लीचे वडीलहि त्याच रंगभूमीवर विनोदी भूमिका करीत.

या कलेची खरी किंमत मात्र मुलांनीं मोजली. हाँगकाँगमध्यें यू जिम-युएन नांवाचे गुरु पेकिंग-नाट्याची शाळा चालवीत. आईबाप करार करून मूल त्यांच्या स्वाधीन करीत. १९५४ सालीं जन्मलेला जॅकी चॅन सहासात वर्षांचा असतांना तेथें दाखल झाला व सुमारें दहा वर्षें राहिला. तासन् तास कसरत करणें, हातांवर उभें राहणें आणि चुकल्यास मार खाणें, हा तेथील नित्यक्रम. आणि ही विद्या पुरी होते न होते तोंच नाटकाचा प्रेक्षक चित्रपटाकडे वळला. ज्या रंगमंचासाठीं अंग झिजविलें, तो रंगमंचच पायांखालून निघून गेला.

तेव्हां हीं मुलें स्टुडिओच्या दारांत उभीं राहिलीं. नायकाऐवजीं उंचावरून पडावयाचें, घाव खाऊन मरावयाचें, अशी ती रोजंदारी होती. परंतु १९७८ सालीं ‘ड्रंकन मास्टर’ मध्यें चॅननें पडण्यांतूनच विनोद निर्माण केला. १९८० सालीं त्याचा गुरुबंधु सामो हुंग यानें ‘एन्काउंटर्स ऑफ द स्पूकी काइंड’ मध्यें प्रेत, युद्ध आणि हास्य एकत्र आणलें. ‘मिस्टर व्हॅम्पायर’चा निर्माता तोच, आणि त्यांतील प्रेताच्या रंगाखालीं होता त्याच शाळेंतला युएन वाह. ताठ अंगानें उडी मारणें सोपें दिसतें. परंतु शरीर पूर्ण ताब्यांत असल्याशिवाय ती उडी भीतिदायकहि होत नाहीं आणि विनोदीहि होत नाहीं.

१९८८ सालीं ‘पेंटेड फेसेस’ हा त्या शाळेवरचाच चित्रपट निघाला. त्यांत गुरूची भूमिका हुंगनें केली. ज्यानें तो धाक सोसला, त्यानेंच तो पडद्यावर उभा केला. असलें शिक्षण कोणी मुलांस देऊं नये, याविषयीं दुमत नसावें. मात्र त्या शिक्षणाबरोबर ती देहविद्याहि ओसरत गेली, हेंहि खरें आहे. परीक्षकानें कथेची वीण सैल म्हणावी; तो त्याचा अधिकार आहे. परंतु रसभंगाचा आरोप ठेवण्यापूर्वी त्यानें पडद्यावरील नटाच्या देहाकडे क्षणभर पाहावें. एका मावळत्या रंगभूमीची सारी विद्या त्या देहांत साठविलेली आहे.