मेपलचं गिरमिट: एका छिद्राची कुळकथा

कॅनडातल्या क्वेबेकमध्ये आणि अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये फेब्रुवारी सरत आला की मेपलच्या राया जाग्या होतात. रात्री पाणी गोठवणारी थंडी आणि दिवसा शून्याच्या वर चढणारा पारा, असे दिवस लागले की शुगर मेपलच्या खोडात दाब तयार होतो आणि लाकडाला जिथे जखम असेल तिथून रस पाझरतो. त्यात साखर जेमतेम २ टक्के. सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा काकवीसारखं १ लिटर सिरप मिळतं. या साऱ्या उद्योगाचं मूळ एका भोकात आहे. आज ते भोक साधारण ८ मिलिमीटर रुंद आणि दीड ते दोन इंच खोल असतं. एवढ्या लहान भोकापर्यंत यायला दोनशेहून अधिक वर्षं लागली. त्या वर्षांत अवजारं अनेक बदलली, पण कसोटी अखेर एकच ठरली: झाडाला किती कमी इजा करून भागेल?

मेपलचा रस काढण्याची विद्या मूळची तिथल्या आदिवासींची. अनिशिनाबे, हौडेनोसौनी, अबेनाकी असे अनेक समाज युरोपीय लोक येण्याआधीपासून हा रस काढत आले. खोडावर तिरपी खाच पाडायची, तिच्या खालच्या टोकाशी लाकडाची चपटी ढलपी ठोकायची आणि ढलपीवरून ओघळणारा रस बर्चच्या सालीच्या भांड्यात धरायचा, अशी ती रीत. वसाहतवाल्यांनी ती उचलली. त्यांच्या हाती लोखंडी कुऱ्हाडी होत्या, त्यामुळे खाचा रुंद आणि खोल होऊ लागल्या. रस भरपूर येई. पण वर्षानुवर्षं असे घाव झेलणारं खोड आतून कुजे, आणि मोठमोठी झाडं हातची जात.

गिरमिट आलं ते या नासाडीवरचा उपाय म्हणून. फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी १७९१ मध्ये थॉमस जेफरसन यांना शुगर मेपलविषयी एक लांबलचक पत्र लिहिलं. रश गुलामगिरीचे विरोधक होते. वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या कष्टांवर पिकणाऱ्या साखरेची जागा मेपलच्या साखरेनं घ्यावी, ही त्यांची तळमळ होती. त्या पत्रात त्यांनी कुऱ्हाडीपेक्षा गिरमिट सरस असल्याचं सांगितलं आणि कृतीही दिली. भोक आत जाताना वर चढतं ठेवावं, म्हणजे संथ वाहणारा रस आतच गोठून बसणार नाही. आधी पाऊण इंचच जावं, मग हळूहळू दोन इंचांपर्यंत खोल करावं. तोटी सुमाक किंवा एल्डरच्या फांदीची करावी. या फांद्यांचा गाभा मऊ असतो, तो कोरून काढला की आयती नळी तयार होते. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या या कृतीतला वर चढता कल आणि दोन इंचांची मर्यादा आजही पाळली जाते.

तरी भोकाच्या रुंदीला नियम नव्हता. जो तो घरात असेल ते गिरमिट वापरी आणि तोटी त्या भोकाच्या बेतानं तासून घेई. १८६० च्या सुमारास धातूच्या ओतीव तोट्या आल्या. त्यांना बादली अडकवायची सोय होती, पण त्या तासून बारीक करता येत नव्हत्या. आता भोकानंच तोटीचं माप पाळायचं होतं. विसाव्या शतकात ७/१६ इंच, म्हणजे सुमारे ११ मिलिमीटर, हे माप सर्वमान्य झालं. वाकड्या दांड्याला गिरमिट अडकवायचं, वरची मूठ छातीनं दाबायची आणि दांडा गरगर फिरवायचा. बर्फात उभं राहून दिवसभर अशी भोकं पाडणं म्हणजे खांदे भरून आणणारं काम.

पुढे पाठीवर घ्यायची पेट्रोल इंजिनं आली, मग बॅटरीवरची ड्रिल मशीनं आली. कष्ट वाचले, वेग वाढला. याच काळात लोभानं एक चुकीची वाट धरली. भोकात जंतू वाढले की लाकडातल्या वाहिन्या तुंबतात आणि रस आटतो. १९६० च्या दशकात त्यावर पॅराफॉर्मल्डिहाइडची गोळी भोकात ठेवण्याची प्रथा पडली. जंतू मेले, रस जास्त दिवस वाहू लागला. पण अमेरिकेच्या वनसेवेतले संशोधक अ‍ॅलेक्स शायगो झाडांची खोडं उभी चिरून आतली अवस्था पाहत होते. त्यांना दिसलं की झाड जखमेभोवती भिंत उभारून सड तिथेच कोंडतं. गोळीमुळे नेमका हा बचाव दुबळा पडत होता आणि सड पसरत होती. व्हरमाँटनं आणि नंतर कॅनडानं या गोळीवर बंदी घातली.

शायगोंच्या कामातून दिसलेली गोष्ट रस काढणाऱ्यानं कायम ध्यानात ठेवावी अशी आहे. झाडाची जखम माणसाच्या कातडीसारखी भरून येत नाही. भोक वरून नव्या लाकडानं झाकलं जातं, पण आतला डागाळलेला पट्टा वर-खाली लांबवर तसाच राहतो, आणि तिथून पुन्हा कधी रस येत नाही. प्रत्येक भोक झाडाचा एक तुकडा कायमचा निकामी करतं.

१९९० च्या दशकात आलेली ५/१६ इंचाची, म्हणजे सुमारे ८ मिलिमीटरची, तोटी याच समजुतीतून आली. तिच्या भोकाचं क्षेत्रफळ जुन्या ११ मिलिमीटरच्या भोकाच्या निम्मंच भरतं. ते लवकर झाकलं जातं, आणि रस वाहून नेणाऱ्या नळ्यांना व्हॅक्यूम जोडलेला असेल तर रसात फारसा फरकही पडत नाही.

म्हणून आज अवजार निवडताना आधी तोटी ठरवावी, मग तिच्याच मापाचं बिट घ्यावं. बिट धारदार आणि लाकडासाठीचं असावं. बोथट बिट लाकूड कापण्याऐवजी चुरडतं आणि वाहिन्यांची तोंडं बुजवतं. खोलीची खूण म्हणून त्यावर टेप गुंडाळावी किंवा कडं बसवावं. मशीन बॅटरीचं असो वा हातानं फिरवायचं, हात स्थिर हवा. बिट डगमगलं तर भोक लंबगोल होतं आणि तोटीच्या कडेनं रस गळतो. बाहेर येणारा कीस नीट पाहावा. पांढरट असेल तर लाकूड जिवंत आहे, तपकिरी असेल तर बिट जुन्या डागात शिरलं आहे. उरलेला भुसा तोंडानं फुंकू नये, तोंडातले जंतू आत जातात. आणि खोड किमान १० ते १२ इंच व्यासाचं नसेल, तर त्या वर्षी त्याला हातच लावू नये.

कुऱ्हाड ते बॅटरीचं ड्रिल या प्रवासात माणसाचं बळ अनेक पटींनी वाढलं. मेपलच्या राया टिकल्या त्या मात्र ते बळ आवरायला शिकलेल्या लोकांमुळे. आज यंत्राला अर्ध्या मिनिटात एक इंची भोकही पाडता येईल, तरी जाणता शेतकरी ८ मिलिमीटरचंच बिट लावतो. हे खोड त्याला पुढच्या वर्षीही हवं असतं, आणि त्याच्या नातवालाही.