तळाला बिस्किट, वर चक्का

एका घासात संपणारा पदार्थ आहे. मिठाईच्या छोट्या कागदी वाटीत तळाशी लोण्यात कालवून दाबलेला बिस्किटांचा चुरा, त्यावर बोटभर जाडीचा पांढरा, गोड-आंबट थर. भाजायचं काही नाही. फ्रीजमध्ये चार-पाच तास ठेवला की झाला. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात खामगाव, चिखली, मलकापूर अशा गावांत घरून केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायका आता वाढदिवसाच्या केकसोबत हे 'चीजकेक बाइट्स'ही देतात. बिस्किट पार्ले-जी नाहीतर मारी. आणि वरचा थर महागड्या क्रीम चीजचा नव्हे, तर बहुतेक वेळा चक्क्याचा.

पुण्यातल्या ऑफिसात हे सांगितलं की हमखास कुणीतरी म्हणतं, "म्हणजे बिस्किटावरचं श्रीखंड!" विनोद चांगला आहे आणि बराचसा खराही. पण बिस्किटावर श्रीखंड ठेवता येणं ही साधी गोष्ट नाही. हे दोन थर एका वाटीत यायला महाराष्ट्राला बराच काळ लागला आहे. त्यांचा इतिहास वेगवेगळा पाहिला तर तो स्वयंपाकघराच्या बराच बाहेर जातो.

आधी 'न भाजलेला' या शब्दाकडे पाहू. चीजकेक मुळात भाजलेलाच. रोमन लेखक केटो यानं इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात शेतीवर लिहिलेल्या ग्रंथात 'लिबम' नावाच्या, चीज आणि पिठाच्या भाजलेल्या नैवेद्याची कृती दिली आहे. आज ज्याला चीजकेक म्हणतात त्यातलं क्रीम चीज मात्र बरंच अलीकडचं. न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावच्या विल्यम लॉरेन्स या दूधवाल्यानं ते १८७२च्या सुमारास करायला घेतलं. पुढे घरोघरी बर्फाची पेटी आणि मग फ्रीज आला, तेव्हा बिस्किटं आणि साय यांचे थर लावून नुसते गार करून घट्ट करायचे केक अमेरिकेत रूढ झाले. म्हणजे न भाजलेला केक हा आळशी माणसाचा शोध नव्हे. तो थंडीच्या यंत्राचा शोध आहे. आगीचं काम थंडीवर सोपवता येतं, हे कळल्यावरच तो शक्य झाला.

आपल्याकडे भाजणं नव्हतंच, असंही नाही. वऱ्हाडात रोडगे होतात ते गोवऱ्यांच्या निखाऱ्यातच. कणकेचे गोळे निखाऱ्यात पुरायचे, वरून राख ओढायची, भाजले की झटकून, फोडून, वर तूप किंवा वांग्याची भाजी. पण ही शेतातली, पंगतीची गोष्ट. घरातली चूल तव्यासाठी आणि भांड्यासाठी होती. चारी बाजूंनी उष्णता देणारी बंद भट्टी घरात नव्हती. ती बेकरीत होती.

आणि बेकरीशी घराचं नातं सरळ नव्हतं. १८४९ साली मुंबईत परमहंस मंडळी स्थापन झाली, जातिभेद मोडायला निघालेली गुप्त सभा. तिच्यात येणाऱ्याला ख्रिस्ती माणसानं केलेला पाव खावा लागे. शपथेपेक्षा पावाचा तुकडा भारी, कारण शपथ मोडता येते, खाल्लेला घास परत काढता येत नाही. पुढे १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहापान झालं. बोलावलेल्यांत न्यायमूर्ती रानडे आणि टिळकही होते. समोर चहा आणि बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसता कपाला हात लावला. गोपाळराव जोशांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानडे आणि टिळक या दोन परस्परविरोधी पुढाऱ्यांना एकाच गोष्टीवरून प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावं लागलं. ती गोष्ट होती चहा आणि बिस्किट.

आज वाचताना हसू येतं. पण हसण्याआधी एक लक्षात घ्यावं. भांडण मैद्याचं किंवा साखरेचं नव्हतं. पीठ कुणी मळलं आणि भट्टी कुणाची, याचं होतं. बिस्किट ही आपल्याकडे आलेली कदाचित पहिली अशी खायची वस्तू होती, जिच्या करणाऱ्याचा हात खाणाऱ्याला दिसतच नव्हता. डब्यातून येणारी, जात न सांगणारी वस्तू. म्हणून तिची भीती, आणि म्हणूनच पुढे तिचा विजय.

तो विजय पुढच्या पन्नास वर्षांतच दिसू लागला. १९२९ साली विलेपार्ल्याला पार्लेचा कारखाना निघाला, तो गोळ्या-चॉकलेटांचा. १९३९पासून तिथे बिस्किटं होऊ लागली. ग्लुकोज बिस्किट पुढे इतकं सर्वत्र झालं, की आजारी माणसाला, रडणाऱ्या पोराला, एसटीत बसलेल्या म्हातारीला पहिल्यांदा तेच दिलं जातं. पुणेकरांची श्रुजबेरी आणि इराण्याचा खारी-मस्का यांची कौतुकं खूप झाली. पण बिस्किटाची खरी क्रांती पाच रुपयांच्या पुड्यानं केली. ते कुणी केलं असं आता कुणी विचारत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये एक दृश्य आहे, आणि माझ्या मते इतिहासाच्या दृष्टीनं ते सगळ्यात महत्त्वाचं. दिवाळीच्या आधी पत्र्याच्या डब्यात रवा, मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बायका गावातल्या बेकरीत रांग लावत. सामान आपलं, भट्टी बेकरीवाल्याची. बेकरीवाला बऱ्याच गावांत मुसलमान. डब्यावर नावाची चिठ्ठी, आणि संध्याकाळी नानकटाई घरी. फराळाच्या ताटात, लक्ष्मीपूजनाच्या शेजारी ती बसली. पंचहौदला ज्यावरून ग्रामण्य झालं, ते घराघरातल्या बायकांनी कुठलीही सभा न भरवता, प्रायश्चित्ताचा प्रश्न न काढता मिटवलं. कुठल्याही वृत्तपत्रानं त्यांची नावं छापली नाहीत, हे एका अर्थी बरंच झालं.

आता वरचा थर. चक्का म्हणजे पाणी काढून टाकलेलं दही, आणि श्रीखंड म्हणजे साखर घालून गाळलेला चक्का. त्याची पूर्वज 'शिखरिणी' जुन्या संस्कृत पाकग्रंथांत भेटते. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास'मध्येही ती आहे. दूध, दही, तूप यांना सोवळ्यात सहज जागा होती. म्हणजे तळाच्या थरानं जेवढा विटाळ सोसला, तेवढी वरच्या थराला प्रतिष्ठा मिळाली.

इथे एक भाषेची गंमत आहे. मराठीत दूध 'नासतं' आणि दूध 'विरजतं'. दोन्हीत दूध आंबटच होतं, पण पहिलं क्रियापद दुःखाचं आणि दुसरं हेतूचं. पनीर हे मुद्दाम नासवलेलं दूध, ते मराठी घरात फार उशिरा रुळलं. क्रीम चीज मात्र विरजणाच्या बाजूचं आहे. सायीच्या दुधाला विरजण लावायचं आणि मग पाणी गाळायचं. फरक मुख्यतः स्निग्धांशाचा. अमेरिकी नियमाप्रमाणे त्यात कमीत कमी ३३ टक्के दुधाची चरबी लागते. म्हणजे चक्का वापरणारी चिखलीची गृहिणी नकली चीजकेक करत नाही. ती त्याच घराण्यातल्या थोड्या हलक्या भावंडाला बोलावते.

आता वऱ्हाडाकडे येऊ, कारण चक्क्याला दूध लागतं. घरच्या दुधाचा अंदाज साधारण असा, की एक लिटर म्हशीच्या दुधाच्या दह्यातून तीन-चारशे ग्रॅम चक्का निघतो. दोन डझन घासांना सव्वा लिटर दूध सहज जातं. कोल्हापूरकडे हे वाक्य कुणी लिहिणार नाही. तिथे १९६३पासून 'गोकुळ'सारखा जिल्हा दूध संघ आहे, वारणेचं श्रीखंड आहे. आमच्या जिल्ह्याचा इतिहास दुधाचा नाही, कापसाचा. १८७० साली जलंब ते खामगाव एवढ्याशा अंतरासाठी रेल्वेचा फाटा टाकला गेला तो खामगावच्या कापूस बाजारासाठी, आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. इंग्रजांना इथून रुई हवी होती, लोणी नव्हे.

तसं गुणी जनावर इथेही आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या पट्ट्यात पूर्णाथडी म्हैस आहे. भुरकट, फिक्या रंगाची, दूध बेताचं पण दाट. आता तिला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली आहे. पण जनावर आणि दूधधंदा यांत चारा, पाणी, संकलन केंद्र आणि वेळेवर पैसे एवढं अंतर असतं. २००६ साली शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचं पॅकेज आलं, त्यात बुलढाणाही होता. जोडधंदा म्हणून दुभती जनावरं देण्यात आली. जिथे माणसाच्या पाण्याची ओढाताण, तिथे जास्त दूध देणाऱ्या संकरित गाईचा खुराक कुठून आणायचा? पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हाच यावर लिहिलं होतं. गाय दारात आली आणि खर्च घरात आला, अशी गत अनेकांची झाली. पुढे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या विदर्भ-मराठवाडा प्रकल्पानं संकलनावर भर दिला, तो क्रम जास्त शहाणपणाचा होता. आधी दूध घेणारा, मग जनावर.

थंडीचीही तीच कथा. गोदरेजनं १९५८ साली भारतात फ्रीज बनवला, पण फ्रीज घरात असणं आणि तो चालू असणं वेगळं. २००५च्या आसपास महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दहा-बारा तास भारनियमन असे. तेव्हा मी शाळेत होतो. आमच्यासारख्या घरांत फ्रीजचा उपयोग मुख्यतः भांडी ठेवायचं कपाट म्हणून होई. पाच तास सलग गारवा मागणारा पदार्थ तेव्हा कुणी केला नसता. म्हणून हे घास जिल्ह्यात आले ते यूट्यूबमुळे, असं म्हणणं अर्धंच खरं. कृती यूट्यूबनं आणली, पण ती जमली विजेमुळे.

कृतीही इथेच सांगतो, कारण तिच्या प्रत्येक पायरीला कारण आहे. दोनशे ग्रॅम बिस्किटांचा बारीक चुरा आणि शंभर ग्रॅम वितळवलेलं लोणी. तुपानंही तळ बांधला जातो, पण चव शिऱ्याकडे झुकते. कागदी वाटीत दीड चमचा चुरा घालून पेल्याच्या बुडानं घट्ट दाबायचा. सैल राहिला तर घास उचलताना तळ सुटतो. लोणी गारठलं की तोच त्याचा सिमेंट. वरच्या थराला चारशे ग्रॅम चक्का, शंभर ग्रॅम पिठीसाखर, थोडी फेटलेली साय, लिंबाची किसलेली साल. दही रात्रभर टांगायचं, पण मे महिन्यात फ्रीजमध्येच, नाहीतर सकाळी चक्का आंबट ढाण होतो. चक्क्यात पाणी राहिलं की बिस्किट भिजतं आणि थर बसत नाही. हे पीठ ओव्हन माफ करतो, फ्रीज करत नाही. भाजताना जास्तीचं पाणी उडून जातं, गारव्यात ते जागच्या जागी राहतं. म्हणून इथलं सगळं कसब आधीच्या रात्रीच्या फडक्यात असतं.

आणि हिशेब करताना एक उलटापालट दिसते. १८९०मध्ये महाग होतं ते बिस्किट, त्याची किंमत जातीत मोजावी लागे. दही घरचं होतं, त्याचा विचारही कुणी करत नसे. आज बिस्किटाचा पुडा ही घरातली सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि ऑर्डर घेणारी बाई कागदावर आकडे मांडते ते दुधाचे. सव्वा लिटर दूध, गॅस, वीज, वाट्या, आणि स्वतःच्या मेहनतीचा रकाना, जो बहुतेक वेळा रिकामाच राहतो.

हा पदार्थ 'आपला' आहे का, असा प्रश्न कुणी विचारलाच तर शेगावची कचोरी आठवावी. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या कुटुंबानं स्टेशनवर विकायला घेतलेली ती कचोरी आज जिल्ह्याची ओळख आहे. ओळख ठरवायला शास्त्र्यांची सभा बसली नाही, गाड्या थांबत गेल्या आणि लोक खात गेले. चक्क्याच्या या घासाचंही तसंच ठरेल. मला त्याच्या नावाची काळजी नाही. तो रिकामा रकाना कधी भरतो, एवढंच पाहायचं आहे.