ब्रेकच्या नळीतील बंद झडप : दाबाच्या हवेचा दीडशे वर्षांचा धडा

आगगाडी चालविण्यापेक्षा ती थांबविणे अवघड आहे, हे रेल्वेच्या आरंभीच्या काळातच अभियंत्यांच्या ध्यानात आले होते. इंजिनाची ओढ वर्षागणिक वाढत होती. ब्रेक मात्र माणसाच्या मनगटावरच अवलंबून होते. अमेरिकेत मालगाडीच्या टपावरून धावत जाऊन एकेका डब्याचे हातचाक फिरविणारे ब्रेकवाले असत. पाऊस आणि बर्फ यांत हे काम जिवावर बेतणारे होते.

1869 मध्ये जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी दाबाच्या हवेवर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले. इंजिनावरील पंप हवा दाबून टाकीत भरी. चालकाने झडप उघडली की ती हवा नळीतून प्रत्येक डब्याखालील सिलिंडरात जाई आणि ब्रेकचे ठोकळे चाकांवर दाबले जात. रचना सोपी होती, पण तिच्यात एक घातक उणीव होती. नळी फुटली किंवा डबे तुटून मागे राहिले, तर ब्रेक लावायला हवाच उरत नसे. म्हणजे ज्या क्षणी ब्रेकची गरज सर्वाधिक, त्याच क्षणी तो निकामी होई.

1872 मध्ये वेस्टिंगहाउस यांनी हा विचार उलटा केला. प्रत्येक डब्याला स्वतःची हवेची टाकी आणि एक ‘तिहेरी झडप’ दिली. नळीतील दाब टाकीतील दाबाहून जास्त असला, की झडपेचा दट्ट्या एका बाजूस सरकतो. टाकी भरत राहते आणि सिलिंडरातील हवा बाहेर सुटून ब्रेक मोकळा राहतो. नळीतील दाब घटला, की दट्ट्या उलट सरकतो आणि टाकीतील हवा सिलिंडरात शिरून ब्रेक लागतो. आता ब्रेक ‘लावण्यासाठी’ हवा सोडायची होती. नळी तुटली की गाडी आपोआप थांबे. यंत्राने बिघाडाच्या वेळी सुरक्षित बाजूस झुकावे, या तत्त्वाचे हे ठळक उदाहरण आहे.

या तत्त्वाची किंमत आयर्लंडला मोजावी लागली. 12 जून 1889 रोजी आर्माजवळ चढावर अडकलेली सहलीची गाडी दोन भागांत तोडण्यात आली. तिचा ब्रेक निर्वातावर चालणारा होता, परंतु स्वयंचलित नव्हता. सुटे केलेले डबे उतारावरून मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे 80 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना सलग आणि स्वयंचलित ब्रेक सक्तीचे केले.

ब्रिटिश परंपरेबरोबर भारतात निर्वात ब्रेक आला आणि दीर्घकाळ टिकला. त्याची मर्यादा भौतिकशास्त्राने ठरविलेली होती. निर्वात कितीही चांगला साधला, तरी दट्ट्यावर दाब वातावरणाचाच. पाऱ्याच्या सुमारे 510 मिलीमीटर निर्वातातून दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 0.7 किलोग्रॅम इतकाच दाब मिळे. हवेच्या ब्रेकमध्ये सिलिंडरातील दाब 3.8 किलोग्रॅमपर्यंत जातो, म्हणजे पाचपटीहून अधिक. 1980 च्या दशकात ‘बॉक्स-एन’ जातीच्या वाघिणींबरोबर भारतीय मालवाहतुकीत हवेचा ब्रेक रुजला. 58 वाघिणींची लांबलचक गाडी विश्वासाने थांबविणे त्यामुळे शक्य झाले.

आज आपल्या गाड्यांच्या ब्रेक पाइपमध्ये दर चौरस सेंटीमीटरला 5 किलोग्रॅम दाब असतो. तळहाताएवढ्या, 100 चौरस सेंटीमीटर पृष्ठभागावर हा दाब 500 किलोग्रॅमचा भार टाकतो. म्हणून दोन डब्यांमधील रबरी नळी जोडण्या-सोडण्यापूर्वी दोन्हीकडचे अँगल कॉक बंद करून मधली हवा काढून टाकावी लागते. भरलेली नळी सुटली तर ती चाबकासारखी उसळते. हवेबरोबर धूळ आणि पाणीही येते, म्हणून डब्यावरील नियंत्रक झडपेच्या आधी धूळ अडविणारे पात्र बसवितात. ते झडपेच्या पुढे बसविले, तर त्याचा काहीच उपयोग नाही.

परंतु स्वयंचलित ब्रेकही एका चुकीपुढे हतबल आहे. नळी तुटल्याचे त्याला कळते. नळीतील झडप बंद असल्याचे कळत नाही. मधला एक कॉक बंद राहिला, तर त्याच्या मागच्या नळीत दाब तसाच कोंडून राहतो. चालक पुढे हवा सोडतो, पण मागच्या डब्यांपर्यंत ते वर्तमान पोहोचतच नाही.

15 जानेवारी 1953 रोजी वॉशिंग्टनच्या युनियन स्थानकात ‘फेडरल एक्स्प्रेस’ थांबलीच नाही. तिसऱ्या डब्याच्या मागचा अँगल कॉक वाटेत बंद झाला होता. त्याची मूठ अशा जागी होती की डब्याच्या सांगाड्याचा धक्का लागून ती फिरू शके. इंजिन फलाट ओलांडून स्थानकाची जमीन फोडत तळघरात कोसळले. सुदैवाने कोणी दगावले नाही. पॅरिसच्या गार द लियाँ स्थानकात 27 जून 1988 रोजी दैव इतके उदार नव्हते. आपत्कालीन ब्रेक पूर्ववत करताना चालकाच्या हातून मुख्य नळीची झडप बंद झाली. मोकळे न होणारे ब्रेक पाहून त्याला नळीत हवा अडकल्याचा समज झाला आणि त्याने मागील डब्यांतील हवा सोडून ते मोकळे केले. उतारावर गाडी आवरेना. 56 जणांचा बळी गेला.

दोन्ही ठिकाणी झडप सदोष नव्हती. वॉशिंग्टनला तिच्या मुठीची जागा चुकली होती आणि पॅरिसला तिची स्थिती कोणी पडताळली नाही. भारतात गाडी सुटण्यापूर्वी होणारी सलगतेची चाचणी याच चुकीवर उपाय आहे. शेवटच्या डब्यातील गार्ड, ज्याला 2022 पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, तिकडून दाब कमी करतो आणि तो उतार इंजिनातील मापकावर दिसतो की नाही, हे लोको पायलट पाहतो. काटा हलला, तरच नळी आरपार मोकळी आहे हे सिद्ध होते. कारखान्यातील हवेच्या वाहिनीलाही हेच लागू पडते: झडपेवरील बाण प्रवाहाच्या दिशेने असावा, मूठ धक्क्यापासून दूर असावी, दुरुस्तीपूर्वी पुरवठा बंद करून कोंडलेली हवा सोडावी, कुलूप लावावे आणि मापक शून्यावर आल्याची खात्री करावी.

‘कवच’ ही स्वदेशी प्रणाली आज धोका ओळखून चालकाच्या आधी ब्रेक लावू शकते. तरीही तिचा आदेश अखेर त्याच हवेच्या नळीतून चाकांपर्यंत जातो, आणि ती नळी शेवटच्या डब्यापर्यंत मोकळी आहे याची खात्री आजही माणसालाच करावी लागते.