दत्तकाची मान्यता

निपुत्रिकाच्या घरीं दत्तक मूल येतें तेव्हां होम होतो, आप्तेष्ट जमतात आणि जन्मदात्यांनीं दिलेलें मूल घेणारी माता मांडीवर बसवून घेते. घरापुरतें कार्य येथें पुरें झालें. परंतु ज्याची चाकरी करून तें घर चालावयाचें, त्या धन्याच्या लेखीं तें पुरें होत असे काय? करवीरच्या इतिहासांत हा प्रश्न वारंवार उभा राहिला आहे. आणि गाद्या गेल्या, वतनें गेलीं, तरी तो प्रश्न कांहीं गेलेला नाहीं. राजवाड्यांतून निघून तो आज गिरणींत, शाळेंत व कचेरींत येऊन बसला आहे.

इ. स. १७६० मध्यें दुसरे संभाजी महाराज निपुत्रिक निवर्तले. कोल्हापूर व सातारा या दोन गाद्या एक कराव्या, असा पेशव्यांचा मनसुबा होता. कोल्हापुरास वारसच उरला नसता, तर तो सहज सिद्धीस जाता. परंतु जिजाबाई राणीसाहेब डगमगल्या नाहींत. त्यांनीं १७६२ सालीं खानवटकर भोसल्यांच्या घराण्यांतील मुलगा दत्तक घेऊन त्याचें नांव शिवाजी ठेवलें, आणि १७७३ सालीं आपला अंत होईपर्यंत त्याच्या नांवानें राज्य राखलें. हेच शिवाजी महाराज पुढें १८१३ पर्यंत गादीवर होते. एका विधवेनें मूल आपलें म्हटलें, आणि तें आपलें आहे हें बलिष्ठांकडून मान्य करून घेतलें, म्हणून एक राज्य टिकलें.

सर्वांनाच हें साधलें नाहीं. इंग्रजी अंमलांत सार्वभौम सत्तेच्या परवानगीवांचून घेतलेला दत्तक घरच्या मिळकतीचा वारस होई. परंतु राज्याचा वारस होईलच, असा भरंवसा नसे. १८४८ सालीं साताऱ्यास छत्रपतींनीं मृत्यूपूर्वीं घेतलेला दत्तक अमान्य झाला व राज्य खालसा झालें. १८५४ सालीं झांशीची तीच गति झाली. कोल्हापूरच्या शेजारीं, दक्षिण महाराष्ट्रांतील नरगुंदचे संस्थानिक भास्करराव भावे यांना दत्तकाची परवानगी नाकारण्यांत आली. १८५८ सालीं त्यांनीं बंड केलें आणि बेळगांवीं त्यांना फांशीं देण्यांत आलें. मूल नसण्याचें दुःख घरांतलें खरें. परंतु त्या दुःखाचा हिशेब वरचा धनी स्वतःच्या लाभाकडे पाहून करूं लागला, म्हणजे त्याचा वणवा होण्यास उशीर लागत नाहीं.

या वणव्यानें राज्यकर्ते शहाणे झाले. १८६२ सालीं लॉर्ड कॅनिंग यांनीं संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या, आणि त्यांचा उपयोग कोल्हापुरास लवकरच झाला. १८६६ सालीं शिवाजी महाराज ऊर्फ बाबासाहेब यांच्यामागून त्यांचे भाचे राजाराम महाराज दत्तक या नात्यानें गादीवर आले. विलायतेहून परततांना १८७० च्या नोव्हेंबरांत इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं त्यांचा अंत झाला. १८७१ सालीं दुसरा दत्तक झाला; ते शिवाजी महाराज १८८३ च्या डिसेंबरांत अहमदनगर येथें निवर्तले. मग १७ मार्च १८८४ रोजीं आनंदीबाई राणीसाहेबांनीं कागलकर घाटग्यांचे यशवंतराव यांना दत्तक घेतलें. तेच राजर्षि शाहू महाराज. अठरा वर्षांत तीन दत्तक, आणि तिसऱ्या दत्तकानें साऱ्या महाराष्ट्राच्या सामाजिक जीवनास वळण लाविलें!

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. दत्तकविधीच्या वेळीं यशवंतराव नऊ वर्षांचे होते. पुढें १९४७ सालीं कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेले शहाजी महाराज तर छत्तीस वर्षांचे असून त्यापूर्वीं देवास संस्थानचे अधिपति होते. गादीनें मुलाचें वय विचारलें नाहीं. विधि झाला त्या दिवशीं नातें पुरतें लागलें. अर्थात् या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचें कारण नाहीं. तींत मूल हवें होतें तें गादीसाठीं, पिंडासाठीं, वतनासाठीं. मुलीला त्यांत स्थान नव्हतें. मुलगी दत्तक घेतां यावी, आणि अविवाहित किंवा विधवा स्त्रीला स्वतःच्याच नांवानें मूल घेतां यावें, हें १९५६ च्या हिंदु दत्तक कायद्यानें प्रथम स्पष्ट केलें.

मधल्या काळांत धन्याचें रूपच पालटलें होतें. शाहू महाराजांनीं १९०६ सालीं कोल्हापुरांत सूत व कापडाच्या गिरणीचा पाया घातला. वतनाऐवजीं पगारावर जगणारा वर्ग अशा गिरण्यांतून वाढूं लागला. या वर्गांतील मातांसाठीं १९२९ सालीं मुंबई इलाख्यांत प्रसूतिसाहाय्याचा कायदा झाला. कोल्हापूर संस्थान त्याच्या कक्षेबाहेर होतें. १९२८ मध्यें त्याच्या विधेयकावर कायदे कौन्सिलांत वाद झाला, तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्यास पाठिंबा दिला. मातेला विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें असल्यामुळें खर्चाचा मोठा वांटा सरकारनें उचलावा, परंतु तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकानेंही त्यांतून सुटूं नये, असा त्यांचा आशय होता. मूल ही केवळ घरची बाब नव्हे, हें तत्त्व येथें मालकाच्या दारापर्यंत आलें.

तथापि हें सारें प्रसूत झालेल्या मातेपुरतें होतें. १९६१ च्या अखिल भारतीय कायद्यांतही दत्तक घेणारी माता नव्हती. २०१५ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें, दुसरीच्या उदरीं वाढलेलें मूल स्वीकारणाऱ्या एका नोकरदार मातेला प्रसूतिरजेचा हक्क आहे, असा निर्णय दिला. २०१७ च्या दुरुस्तीनें अशा मातेला व दत्तक घेणाऱ्या मातेला १२ आठवड्यांची सवेतन रजा दिली; २०२४ सालीं केंद्र सरकारनें आपल्या सेवेंतील स्त्रियांना, उदरीं मूल वाढविणारीला व तें स्वीकारणारीला, प्रत्येकीं १८० दिवस दिले. मात्र संतति व्हावी म्हणून करावयाच्या उपचारांचें नियमन २०२१ च्या कायद्यानें केलें, तरी त्या काळांतील रजा वा खर्च मालकानें द्यावा, असें त्यानें सांगितलें नाहीं.

आणि २०१७ च्या दुरुस्तींत एक अट होती: दत्तक मूल तीन महिन्यांहून लहान असावें. इकडे २०१५ च्या बालन्याय कायद्यानें मूल सोपविणाऱ्या जन्मदात्यांना फेरविचारासाठीं दोन महिन्यांची मुदत दिलेली. त्यानंतर चौकशी, कागदपत्रें व आईबापांची निवड. इतकें होऊन मूल घरीं येईपर्यंत तीन महिने सहज उलटून जातात. मग ही रजा मिळावयाची कोणाला? या अटीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागण्यांत आली, यांत नवल तें काय?

तान्हें मूल कूस व दूध ओळखतें. पांच वर्षांचें मूल आपल्याबरोबर मागच्या आठवणी घेऊन येतें, रात्रीं दचकून उठतें, नव्या घराची भाषा हळूहळू शिकतें. त्याला मातेचा सहवास कमी नव्हे, अधिकच लागावयाचा. करवीरच्या राजवाड्यांत नऊ वर्षांचा मुलगा मांडीवर आला, तेव्हां आनंदीबाईंना तुम्ही माता नव्हे, असें कोणी म्हटलें नाहीं. राजघराण्यानें जें गादीच्या स्वार्थासाठीं मान्य केलें, तें कारखान्यानें व कचेरीनें मुलाच्या सुखासाठीं मान्य करणें, एवढाच या इतिहासाचा बोध आहे.