यजमान, पाहुणा आणि वाटेवरची जोखीम

दिवाळीच्या वा नाताळच्या सुटीत आपले घर चार दिवसांपुरते पाहुण्यांना भाड्याने देण्याची पद्धत आता कोकण-गोव्यापासून महाबळेश्वरापर्यंत चांगलीच रुळली आहे. इंदूरचे वा बेळगावचे एखादे कुटुंब महिना दोन महिने आधी पैसे भरून असे घर ठरविते. निघण्याच्या आदल्या रात्री घरातील वृद्ध आजीला रुग्णालयात हलवावे लागते. प्रवास रद्द होतो आणि भरलेले पैसे परत मिळणार नाहीत, असे यजमानाकडून कळते. यजमान काही लुच्चा नसतो. त्याने त्या चार दिवसांसाठी दुसरी गिऱ्हाइके परत पाठविलेली असतात. तरीही दोन्ही घरी कडवटपणा उरतो. अशा यजमानाने पाहुण्याला प्रवासविम्याचा सल्ला आधीच द्यावयास हवा होता काय? प्रश्न आजचा दिसत असला तरी त्याचे मूळ फार जुने आहे. वाटसरूवर ओढवणारे नुकसान कोणी सोसावयाचे, याचाच तो एक पोटप्रश्न होय.

प्राचीन काळी या प्रश्नाचे उत्तर बहुधा एकच असे : ज्याच्या आसऱ्याला वाटसरू उतरला, त्याने. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्यापारी तांड्यांविषयी मोठा मार्मिक नियम आहे. तांड्यातील व्यापाऱ्यांनी आपल्या मालाची किंमत जाहीर करून गावात मुक्काम करावा. रात्री गावाबाहेर न गेलेला त्यांचा माल चोरीस गेल्यास ती भरपाई ग्रामप्रमुखाने करावी. दोन गावांच्या दरम्यान चोरी झाल्यास तो भार कुरणांवरील अधिकाऱ्यावर पडे. यातील ‘किंमत जाहीर करून’ ही अट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पाहुण्याने आपली जोखीम केवढी ते आधी सांगावे आणि गावाने ती जाणूनबुजून पत्करावी, असा हा व्यवहार होता. बाबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यातही दरोडेखोर न सापडल्यास लुटलेल्या माणसाची भरपाई त्या नगराने व नगरप्रमुखाने करावी, असे कलम आहे. पुढे सोळाव्या शतकात शेरशहाने हमरस्त्यांवर दोन-दोन कोसांवर सराया बांधल्या, त्या वेळीही वाटसरूंच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्याने गावोगावच्या मुकादमांवरच टाकली होती.

रोमन कायदा याहून कडक होता. जहाजाचा नाखवा, सरायवाला आणि तबेलेवाला यांनी ताब्यात घेतलेला माल सुखरूप परत केला पाहिजे. त्यांची चूक नसली तरी, अटळ आपत्ती वगळता, त्यांची सुटका नसे. याचे कारणही रोमन कायदेपंडितांनी स्पष्टपणे सांगितले आहे. वाटसरूला या लोकांवर विश्वास टाकण्यावाचून गत्यंतर नसते, आणि कायदा सैल राहिला तर ते चोरांशी संगनमत करावयास मोकळे राहतील. इंग्लंडात 1584 साली एका खटल्यात हेच तत्त्व निश्चित झाले. पाहुण्याच्या सांगण्यावरून कुरणात चरावयास सोडलेला घोडा चोरीस गेला, तर खाणावळवाला जबाबदार नाही. परंतु खाणावळीच्या आवारात असलेल्या मालाचे उत्तरदायित्व मात्र त्याचेच.

आगगाडी आली आणि हे चित्र बदलले. उतारूंची संख्या वाढली, हॉटेले मोठी झाली आणि अनोळखी माणसाच्या पेटीत काय आहे हे यजमानास कळेनासे झाले. म्हणून 1863 साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून खाणावळवाल्याची जबाबदारी 30 पौंडांपर्यंत मर्यादित केली. घोडे व गाड्या यांतून वगळल्या होत्या. तसेच यजमानाच्या निष्काळजीपणाने झालेले नुकसान आणि त्याच्याकडे मुद्दाम ठेवावयास दिलेला ऐवज यांनाही ही मर्यादा लागू नव्हती. तथापि या कायद्यातील खरे महत्त्वाचे कलम निराळेच होते. ही सवलत हवी असेल तर त्या कलमाची ठळक छापील प्रत दर्शनी जागी लावलेली असली पाहिजे. फलक नसेल तर सवलतही नाही. यजमानाच्या खांद्यावरचे ओझे कायद्याने उतरविले खरे, पण ‘हे ओझे आता तुमच्या खांद्यावर आहे’ असे पाहुण्यास उघडपणे सांगण्याचे कर्तव्य त्याच्या बदल्यात यजमानावर घातले.

हिंदुस्थानातही याच सुमारास, 1867 साली, सरायांसंबंधी कायदा झाला. त्यान्वये सरायवाल्याने आपली सराई नोंदवावी, ती स्वच्छ ठेवावी, पुरेसे पहारेकरी नेमावे आणि दरपत्रक लावावे, असे ठरले. 1872 च्या करारविषयक कायद्याने दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्याने स्वतःच्या मालाइतकीच समंजस माणसाची काळजी घेतली पाहिजे, असा दंडक घातला. म्हणजे आता काळजी घेणे पुरेसे ठरले. काळजी घेऊनही झालेले नुकसान पाहुण्याचे.

हे पाहुण्यावर आलेले नुकसान वाटून घेण्याची युक्ती म्हणजे विमा. तीही आपल्याकडे परकी नव्हती. गुजरात-काठेवाडच्या किनाऱ्यावर ‘जोखमी हुंडी’ चाले. माल बंदरात सुखरूप पोहोचला तरच त्या हुंडीचे पैसे द्यावे लागत. ‘हुंडाभाडे’ या व्यवहारात वाहतूकदार ठरावीक रकमेत भाडे, वाटेतील जकाती व जोखीम सारेच अंगावर घेई. माळव्यातील सावकार पेढ्यांवर मालाचा विमा उतरवीत. परंतु ही सारी सोय मालाची होती. माणूस मात्र उघड्यावरच होता.

वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली ग्वाल्हेरच्या रोखाने निघाले ते घरच्या कर्जाची फेड व्हावी या आशेने. झाशीच्या पाडावात तेथे जे घडले ते त्यांच्या ‘माझा प्रवास’मधून मराठी वाचकांना ठाऊक आहे. लुटीत त्यांची मिळकत गेली आणि प्रवासाचा हेतूच फसला. जेथे यजमानांच्याच घरांवर संकट कोसळले होते, तेथे पाहुण्याची भरपाई कोण करणार? एकट्या यजमानाच्या आतिथ्यास मर्यादा असते ती अशी. मोठे नुकसान पेलावयाचे तर ते अनेकांच्या खांद्यांवर विभागले गेले पाहिजे.

माणसाच्या प्रवासाचा विमा सामान्य उतारूच्या हाती आला तो 1849 साली, लंडनच्या ‘रेल्वे पॅसेंजर्स ॲश्युरन्स कंपनी’मुळे. पहिल्या वर्गाच्या उतारूने तीन पेनी भरले तर अपघाती मृत्यूपोटी 1000 पौंड, दुसऱ्या वर्गास दोन पेनींत 500 आणि तिसऱ्या वर्गास एका पेनीत 200 पौंड, असा तो हिशेब होता. ही विम्याची तिकिटे रेल्वेच्या तिकिटांबरोबरच स्थानकावर विकली जात. म्हणजे विम्याची आठवण उतारूला नेमकी प्रवास ठरविण्याच्या क्षणी, प्रवासाची सोय करणाऱ्याच्याच खिडकीपाशी होई. भारतीय रेल्वेने 2016 साली संगणकावरून तिकीट काढणाऱ्यांसाठी 92 पैशांत 10 लाख रुपयांपर्यंतचा ऐच्छिक विमा सुरू केला, तेव्हा तोच जुना मार्ग तिने अनुसरला. प्रवाशासमोर प्रश्न ठेवावयाचा आणि निर्णय त्याच्यावर सोपवावयाचा.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. यजमानाने विम्याचा विषय काढू नये, असे म्हणणाऱ्यांचे दोन आक्षेप असतात. पहिला असा की, आनंदाने निघालेल्या माणसापुढे आजारपणाच्या व अपघाताच्या गोष्टी काढणे अशुभ होय. परंतु घाटात ‘पुढे धोक्याचे वळण आहे’ अशी पाटी लावणारा अपघात चिंतीत नसतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विम्याचा सल्ला देणारा यजमान उद्या दलाली खाऊ लागेल, किंवा विम्याकडे बोट दाखवून स्वतःची जबाबदारी झटकेल.

यांपैकी दलालीचा बंदोबस्त सोपा आहे. आपल्याकडे विमा विकावयाचा तर रीतसर परवानगी लागते, ती गृहस्थ यजमानापाशी नसते. म्हणून त्याने कोणत्याही कंपनीचे नाव घेऊ नये. जबाबदारी झटकण्याविषयी तर सर्वोच्च न्यायालयाचा 2019 मधील एक निकाल बोलका आहे. दिल्लीतील एका मोठ्या हॉटेलच्या सेवकाकडे उभी करावयास दिलेली पाहुण्याची मोटार 1998 साली चोरीस गेली. विमा कंपनीने मालकाला पैसे दिले आणि मग तीच हॉटेलाविरुद्ध उभी राहिली. ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे पावतीवर छापून हॉटेलास स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येणार नाही, असा न्यायालयाने निर्वाळा दिला. पाहुण्याचा विमा असला म्हणून यजमानाचे कर्तव्य संपत नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

तेव्हा यजमानाने सांगावे, हेच योग्य. मात्र ते कसे व केव्हा सांगावे, यालाच महत्त्व आहे. पैसे घेण्यापूर्वी सांगावे, नंतर नव्हे. बारीक अक्षरांत नव्हे, तर पाहुण्याला समजेल अशा सरळ भाषेत सांगावे. प्रवास रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल, घरात चोरी वा अपघात झाल्यास आपण काय सोसू आणि काय सोसणार नाही, हे आधी सांगून मगच विम्याचा विचार करण्यास सुचवावे. त्यातही पॉलिसी नीट वाचून घ्या, असे बजावण्यास विसरू नये. 2020 च्या महामारीत प्रवास रद्द करावे लागलेल्या अनेकांना आपल्या पॉलिसीत साथीच्या रोगाचा अंतर्भावच नव्हता, हे उशिरा कळले. आणि विमा नाही म्हणून पाहुण्यास घर नाकारू नये. सल्ला हा सल्लाच राहावा.

संत लूकच्या शुभवर्तमानात चांगल्या शोमरोन्याचा दाखला आहे. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या एका वाटसरूला तो आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याची शुश्रूषा करतो आणि सकाळी दोन दीनार उतारशाळेच्या रखवालदाराच्या हाती ठेवतो. याहून अधिक खर्च झाला तर परत येईन तेव्हा तो मी भरून देईन, असा शब्दही देतो. या दाखल्यावर बोलताना सहसा शोमरोन्याचीच थोरवी गायिली जाते. रखवालदाराकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु त्या दिवशी खर्च कोण करणार, किती करणार आणि वाढीव खर्चाचे काय, हे त्याला आरंभीच स्पष्ट सांगण्यात आले होते. त्यामुळे जखमी माणसाची सेवा त्याला निश्चिंतपणे करता आली. आज सुटीसाठी निघालेल्या कुटुंबामागे असा शोमरोनी प्रत्येक वेळी उभा असतोच असे नाही. तो नाही, एवढे निदान त्याला निघण्यापूर्वी कळावे. तेवढे सांगणे हा अतिथिधर्माचाच भाग होय.