फिरतें पातें

विळा, कोयता आणि कुऱ्हाड हीं मनुष्याचीं जुनीं पातीं. त्यांचा वेग हाताच्या वेगाएवढा आणि त्यांची शक्ति दंडाच्या शक्तीएवढी असे. हात थांबला, कीं पातें थांबे. या साध्या नात्यामुळें हजारों वर्षें पात्याचें भय मनुष्याच्या आटोक्यांत राहिलें. गेल्या दोनशें वर्षांत हें नातें तुटलें. पातें दांड्यावरून निघून आंसावर चढलें, हाताऐवजीं इंजिन त्याला फिरवूं लागलें, आणि हात थांबला तरी पातें थांबेना. तेव्हां त्याला थांबविण्याची विद्या निराळी शोधावी लागली. वर बसून चालवावयाचें, हिरवळ कापणारें जें यंत्र आज क्रीडांगणांवर आणि गोल्फच्या मैदानांवर दिसतें, त्याच्या इतिहासांत ही विद्या कशी वाढत गेली हें चांगलें पाहावयास मिळतें. हा इतिहास इंग्लंडमधील लोकरीच्या गिरण्यांत सुरू होतो, आणि त्यानें उभा केलेला प्रश्न यवतमाळ जिल्ह्यांतील फुलसावंगी गांवच्या एका वेल्डिंगच्या दुकानापर्यंत येऊन पोंचतो.

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यांत स्ट्राउड गांवाच्या आसपास लोकरीचें कापड विणणाऱ्या गिरण्या होत्या. कापडावर उभी राहिलेली लव सारखी करण्यासाठीं तेथें एक यंत्र वापरीत. त्यांत लाटण्यासारख्या रुळावर पिळदार पातीं बसविलेलीं असत. एडविन बडिंग नांवाच्या कारागिराच्या मनांत आलें, कीं जें पातें कापडाची लव कापतें, तें जमिनीची लव कां कापणार नाहीं? १८३० सालीं त्यानें आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें. तोंपर्यंत धनिकांच्या बागा लांब दांड्याच्या विळ्यानें कापल्या जात, आणि त्या कामाला कसबी माणसें पुष्कळ लागत. बडिंगचें यंत्र जड आणि खडखडणारें होतें. पण तें माणसानें ढकलल्यानें चाले, आणि ढकलणारा थांबला कीं पातींहि थांबत. हात आणि पातें यांचें जुनें नातें अद्याप शाबूत होतें.

पुढें यंत्रें मोठीं झालीं. १८४० नंतर स्कॉटलंडमधील अलेक्झांडर शँक्स यानें तट्टानें ओढावयाचें यंत्र काढलें. हिरवळीवर खुरांचे ठसे उमटूं नयेत म्हणून त्या जनावराच्या पायांत चामड्याचे जोडे घालीत. शतकाच्या अखेरीस वाफेचीं यंत्रें आलीं, आणि १९०२ सालीं इप्सविचच्या रॅन्सम कंपनीनें पेट्रोलवर चालणारें यंत्र बाजारांत आणलें. जड यंत्रामागें दिवसभर चालणें कष्टाचें, म्हणून चालकाला बसावयास आसन मिळालें. येथें पहिला मोठा बदल घडला. चालक आतां यंत्र ढकलीत नव्हता, तर यंत्रच चालकाला नेत होतें. त्याचा हात सुटला, तोल गेला, किंवा तो खालीं उतरला, तरी इंजिन आपलें काम करीतच राही.

दुसरा बदल पात्याच्या रचनेंत झाला. बडिंगचें पातें कात्रीसारखें कापी. फिरतें पातें आणि स्थिर पट्टी यांच्या चिमटींत गवत सांपडे. विसाव्या शतकांत आडवें फिरणारें पातें प्रचारांत आलें. त्याला दुसऱ्या पट्टीची गरज नसते. केवळ वेगाच्या जोरावर तें गवताचा शेंडा उडवितें, जसा वाटसरू हातांतल्या छडीच्या फटक्यानें वाटेवरचें गवत उडवितो. अर्थात् वेग प्रचंड हवा. अशा पात्याच्या टोकाच्या वेगाला अमेरिकेंतील मानकानें मिनिटाला १९,००० फूट ही मर्यादा घातली. हा वेग ताशीं सुमारें ३४७ किलोमीटर, म्हणजे भारतांतील जलद आगगाड्यांच्या वेगाच्या दुपटीहून अधिक होतो. वेग दुप्पट झाला, कीं आघाताची शक्ति चौपट होते. या पात्याखालीं सांपडलेला खडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, आणि पात्याचाच तुकडा निघाला तर त्याच्या वाटेंत कोणी असूं नये एवढीच प्रार्थना करावयाची.

हें पातें घरोघरीं पोंचविण्यांत एका ऑस्ट्रेलियन गृहस्थाचा मोठा वांटा आहे. मर्विन व्हिक्टर रिचर्डसन यानें १९५२ सालीं सिडनीच्या कॉन्कर्ड या उपनगरांत आपल्या घराच्या गॅरेजमध्यें टाकाऊ वस्तूंतून एक यंत्र जुळविलें. पेट्रोलची टांकी म्हणून त्यानें पीच फळांचा रिकामा डबा बसविला होता. त्या डब्यापासून ‘व्हिक्टा’ हा मोठा उद्योग उभा राहिला. पुढें १९६० नंतरच्या दशकांत त्याच कंपनीनें ‘एअरटूरर’ नांवाचें लहान विमान बांधलें. परंतु विमान बांधतांना तिनें पीचचा डबा उचलला नाहीं. हेन्री मिलिसर या विमानशास्त्रज्ञाच्या त्या आराखड्यानें १९५३ सालीं ब्रिटनच्या रॉयल एअरो क्लबची स्पर्धा जिंकली होती. हौशी वैमानिकांच्या संघानें त्यावरून लांकडी नमुना बांधून १९५९ सालीं उडविला. त्यानंतरच कारखान्यानें त्यांत हात घातला. गॅरेजमधील कल्पकता आणि संस्थेची शिस्त यांची अशी गांठ पडली, म्हणून तें विमान उडालें आणि उडविणारे सुखरूप उतरले.

दरम्यान हिरवळीवर अपघात होतच होते. प्रारंभीं दोष चालकाच्या निष्काळजीपणावर टाकीत. मनुष्य केव्हांतरी चुकणारच हें गृहीत धरून यंत्रच सुधारावें, हा विचार हळूहळू रुजला. अमेरिकेंत १९७२ सालीं ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठीं एक आयोग नेमण्यांत आला, आणि १९८२ पासून मागून चालत वापरावयाच्या यंत्रांविषयीं त्याचा नियम लागू झाला: मुठीवरून हात निघाल्यापासून तीन सेकंदांच्या आंत पातें थांबलें पाहिजे. दीडशें वर्षांपूर्वीं तुटूं लागलेलें हात आणि पातें यांचें नातें कायद्यानें पुन्हां जोडलें. बसून चालवावयाच्या यंत्रांत आसनाखालीं खटका आला. पातें फिरत असतां चालक उठला, कीं इंजिन बंद पडतें. मागें सरकतांना मूल चाकाखालीं अथवा पात्याखालीं येण्याचे दारुण प्रसंग घडत, म्हणून यंत्र मागें घेतांना पातें आपोआप थांबण्याची सोय पुढें मानकांत आली.

तरीहि यंत्रानें सर्व करावें आणि चालकानें कांहींच करूं नये असें नाहीं. हें यंत्र चालविणाऱ्यानें प्रथम मैदान पायीं फिरून दगड, तारा आणि फांद्या उचलाव्या, मुलांना आणि जनावरांना दूर पाठवावें. मुलाला मांडीवर बसवून यंत्र चालविणें हें लाड नव्हेत, तो त्याच्या जिवाशीं खेळ आहे. उतारावर बसून चालवावयाचें यंत्र आडवें नेऊं नये, वर-खालीं न्यावें; आडवें नेलें तर तें कलंडतें. फार चढ असेल तर तेथें यंत्र नेऊंच नये. पेट्रोल भरावयाचें तें इंजिन थंड झाल्यावर. पात्याला हात लावण्यापूर्वीं इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी, पातें पूर्ण थांबूं द्यावें, आणि स्पार्क प्लगची तार सोडवून बाजूस करावी. कारण हातानें पातें फिरविलें, तरी इंजिन क्षणभर पेट घेऊं शकतें. आसनाखालचा खटका अडचणीचा वाटतो म्हणून तार जोडून तो निकामी करणारे लोक आढळतात. ते दुसऱ्या कोणाच्या मरणानें मिळालेला धडा पुसून टाकीत असतात.

देखभालींत सर्वांत महत्त्वाची गोष्ट पात्याच्या समतोलाची. धार लावतांना एका टोकाचें लोखंड अधिक घासलें गेलें, तर पातें फिरतांना थरथरूं लागतें. ही थरथर बोल्ट सैल करिते, आंस झिजविते, आणि धातूला आंतून थकविते. धातु थकते हें ज्ञान रेल्वेनें दिलें. ८ मे १८४२ रोजीं फ्रान्समध्यें व्हर्साय येथून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आंस मोडला आणि मोठी प्राणहानि झाली. पुढें ऑगस्ट वोलर या जर्मन अभियंत्यानें रेल्वेच्या आंसांवर अनेक वर्षें प्रयोग करून दाखविलें, कीं एका वेळीं जो भार लोखंड सहज पेलतें, तोच लाखों वेळां उलटसुलट पडला तर त्यानें लोखंड तुटतें. आणि तुटण्यापूर्वीं पडलेली बारीक चीर डोळ्यांना बहुधा दिसत नाहीं. म्हणून वांकलेलें किंवा चिरलेलें पातें ठोकून सरळ करूं नये, वेल्डिंगनें सांधूं नये. तें टाकून नवें घ्यावें. काटकसरीची संवय असलेल्या घराला हें पटणें कठीण. परंतु येथील काटकसर प्राणाला महाग पडते.

हीच विद्या भारतांत निराळ्या वाटेनें आली. १८७५ सालीं मुंबईच्या गिरण्यांतील स्थितीची चौकशी करण्यास एक कमिशन बसलें, आणि १८८१ सालीं पहिला फॅक्टरी ॲक्ट झाला. त्यांत धोक्याच्या यंत्रांना कठडे घालण्याची तरतूद होती. परंतु तो कायदा शंभर माणसांच्या कारखान्यांपुरता होता, आणि वर्षांतून चार महिन्यांहून अधिक काळ न चालणारे कारखाने त्यांतून वगळलेले होते. म्हणजे हंगामापुरतें चालणारें सरकी काढण्याचें जीन त्याच्या कक्षेबाहेर राहूं शके. हंगामी कारखाने १९११ च्या कायद्यानें आंत आले. १९४८ च्या कायद्यानें फिरत्या भागांना आवरण हवें, चालत्या यंत्राला तेल देणारा मनुष्य शिकविलेला आणि अंगासरशीं कपडे घातलेला हवा, येथपर्यंत बारकाई केली; पण त्याचीहि हद्द सामान्यतः विजेवर चालणाऱ्या, दहा माणसांच्या कारखान्यापर्यंत होती. शेतांत मळणी यंत्रें आलीं आणि धान्याबरोबर माणसांचे हात आंत जाऊं लागले, तेव्हां १९८३ सालीं धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा निराळा कायदा संसदेला करावा लागला. प्रत्येक वेळीं कायदा एक पाऊल पुढें आला, आणि प्रत्येक वेळीं त्याच्या उंबरठ्याबाहेर कोणीतरी राहिलें.

फुलसावंगी हें यवतमाळ जिल्ह्याच्या महागांव तालुक्यांतील गांव. मुलूख कापसाचा, खोरें पैनगंगेचें. तेथें आठवीपर्यंत शिकलेला एक चोवीस वर्षांचा तरुण वेल्डिंगच्या दुकानांत कपाटें आणि कूलर बनवी. त्यानें सुमारें दोन वर्षें खपून, मारुती ८०० मोटारीचें इंजिन बसवून, एका माणसाचें हेलिकॉप्टर तयार केलें. १५ ऑगस्ट २०२१ रोजीं तें लोकांपुढें आणावें असा त्याचा मानस होता. त्याच्या कांहीं दिवस आधीं, जमिनीवर चांचणी चालू असतां, मागच्या पंख्याचें पातें मोडलें, तें वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलें, आणि त्या आघातांत आंत बसलेल्या तरुणाचा अंत झाला.

या मृत्यूला वेडें साहस म्हणून सोडून देणें सोपें आहे, पण न्यायाचें नाहीं. टाकाऊ वस्तूंतून यंत्र जुळविण्याची जी हिंमत सिडनीच्या रिचर्डसनजवळ होती, तीच या तरुणाजवळ होती. उणीव होती ती त्याच्याभोंवतीं. मोठ्या कारखान्यांत नवें फिरतें चाक प्रथम जाड भिंतींच्या खड्ड्यांत, माणसांना दूर ठेवून, ठरलेल्या वेगाहून अधिक वेगानें फिरवून पाहतात. मोडावयाचें असेल तर तें तेथें मोडावें. ही रीत गुप्त नाहीं, महागहि नाहीं. मातीच्या पोत्यांची भिंत आणि लांबून ओढावयाची एक तार यांनीं तिचा आरंभ होऊं शकतो. पण ती सांगणारा कोणी त्या दुकानांत आलेला असावा लागतो. याच महाराष्ट्रांत अमोल यादव यांनीं मुंबईस कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलें, आणि २०१७ सालीं त्याची सरकारदरबारीं नोंदणी झाली. ते स्वतः वैमानिक होते. कोणत्या कचेरीचें दार ठोठवावयाचें हें त्यांना ठाऊक होतें, आणि तरीहि तें दार उघडण्यास वर्षें लागलीं. फुलसावंगीपासून तें दार किती दूर असेल याची कल्पना करवत नाहीं.

बडिंगपासून आजपर्यंतच्या या इतिहासाचें तात्पर्य एवढेंच, कीं पात्यावरची सत्ता एकट्या माणसाच्या सावधगिरीनें मिळत नाहीं. अनेकांच्या अपघातांतून गोळा झालेलें ज्ञान आवरण, खटका आणि नियम यांच्या रूपानें यंत्रांत उतरावें लागतें. श्रीमंताच्या हिरवळीवर तें उतरलें, गिरणींत उतरलें, कांहींसें खळ्यावरहि उतरलें. खेड्यांतील वेल्डिंगचें दुकान, कडबाकुट्टीचें यंत्र आणि मोटार दुरुस्तीची टपरी येथपर्यंत तें अजून पुरतें गेलेलें नाहीं. तालुक्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनीं आठवड्यांतून एक दिवस आपलें दार अशा स्वयंशिक्षित कारागिरांसाठीं उघडें ठेवलें, त्यांच्या यंत्राकडे हंसण्याऐवजीं तपासून पाहिलें, तर खर्च थोडा आणि लाभ मोठा होईल. खेड्यांत कल्पकतेची वाण नाहीं. आणि ती जिवंत राहावी, इतकी व्यवस्था शहरांतील सुशिक्षितांनीं सहज करण्यासारखी आहे.