उमेदवारीचे वर्ष

उच्च शिक्षणाच्या दारात पाऊल टाकल्यानंतरचे पहिले वर्ष कोणाही विद्यार्थ्याला कसोटीचे जाते. पूर्वी मिळवलेले यश तेथे पुरत नाही. नवे गाव, नवे अध्यापक आणि नवा अभ्यास यांच्यापुढे आपली योग्यता पुन्हा सिद्ध करावी लागते. हा नियम सर्वांनाच लागू असल्याने त्यात अन्याय वाटत नाही. परंतु एखाद्याची योग्यता आधीच्या परीक्षेने निर्विवाद ठरवलेली असतानाही, केवळ जन्मामुळे त्याला उमेदवार मानले गेले, तर त्या पहिल्या वर्षाचा अर्थ पालटतो. १९३३ साली बंगळूर येथे कमला भागवत या मराठी विद्यार्थिनीच्या वाट्याला असे वर्ष आले.

जमशेटजी टाटा यांच्या संकल्पातून १९०९ साली स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेला म्हैसूर दरबारने ३७१ एकर जमीन दिली होती. १९११ साली तेथे अध्यापनास आरंभ झाला. भागवत घराण्याला ही संस्था परकी नव्हती. कमलाबाईंचे वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि दोघांनीही तेथेच शिक्षण घेतले होते. घरातील वातावरणच असे होते की, मुलींनी विद्येच्या क्षेत्रात काही करून दाखवावे, ही अपेक्षा कोणाला नवलाची वाटत नसे. कमलाबाईंच्या भगिनी दुर्गा भागवत यांचे नाव तर पुढे मराठी वाङ्मयात अजरामर झाले. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्रातील पदवी परीक्षा कमलाबाई गुणानुक्रमे अग्रस्थानी उत्तीर्ण झाल्या. साहजिकच त्यांनी पुढील अभ्यासासाठी वडिलांच्या संस्थेकडे अर्ज पाठवला.

अर्ज नामंजूर झाला. त्याच वर्षी संस्थेच्या संचालकपदी चंद्रशेखर व्यंकट रामन आले होते. १९३० सालच्या नोबेल पारितोषिकाने त्यांची कीर्ती दिगंत झाली होती आणि त्यांच्या शब्दाला विज्ञानाच्या जगात मोठे वजन होते. संशोधनासाठी मुलींना घेता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. संस्थेच्या जुन्या नोंदींत १९२० नंतरच्या काळातील एक-दोन विद्यार्थिनींची नावे आढळतात. म्हणजे हा नकार परंपरेचाही नव्हता.

कमलाबाई मुकाट्याने परतल्या नाहीत. मिठाच्या सत्याग्रहाला उणीपुरी तीन वर्षे झाली होती आणि त्या लढ्याचे संस्कार त्यांच्या पिढीच्या मनावर ताजे होते. त्या बंगळूरला गेल्या, नकाराचे कारण विचारले, आणि समाधानकारक उत्तर मिळेना तेव्हा संचालकांच्या कार्यालयासमोर त्यांनी सत्याग्रह आरंभला. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण तो अटींवर. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही आणि कामाची प्रत पटली तरच त्याला मान्यता मिळेल, ही पहिली अट. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावे लागेल, ही दुसरी. त्यांच्या उपस्थितीने प्रयोगशाळेतील पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होता कामा नये, ही तिसरी.

या अटींकडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. कष्टांची अट कोणाही विद्यार्थ्याला घालता येईल, आणि कमलाबाईंना तिचे भय नव्हते. तिसरी अट मात्र विलक्षण होती. दुसऱ्याचे लक्ष ढळले, तर त्याचे गुण त्यांच्या खात्यातून वजा व्हायचे होते! जी गोष्ट विद्यार्थ्याच्या हाती नाही, तिचे उत्तर त्याच्याकडून मागणारी परीक्षा ही विद्येची परीक्षा नव्हे.

तरीही कमलाबाईंनी ती स्वीकारली. जीवरसायनशास्त्राचे अध्यापक श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक. शिस्तीने कडक, परंतु शिष्याला मनापासून घडवणारे असे हे गुरू होते. संशोधनाच्या पहिल्या वर्षात प्रश्नपत्रिका नसते, तसे गुणपत्रकही नसते. प्रयोग पुन्हा केला असता तेच उत्तर आले पाहिजे, हाच तेथला गुण. दूध आणि डाळी यांतील प्रथिने हा विषय कमलाबाईंनी हाती घेतला. पदार्थातील नत्र मोजावयाचे, त्याला ६.२५ या अंकाने गुणावयाचे आणि येणारी संख्या प्रथिनांची मानावयाची, अशी त्या काळी रूढ पद्धत होती. परंतु डाळींमधील सगळेच नत्र प्रथिनांचे नसते. प्रथिनेतर नत्र वेगळे काढल्यावाचून डाळीचे खरे पोषणमूल्य कळत नाही. ज्या देशात कोट्यवधी लोकांच्या पानात वरणाखेरीज दुसरे प्रथिन क्वचितच पडते, त्या देशात हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता नव्हता. श्रीनिवासय्या यांच्यासह त्यांनी लिहिलेला या विषयावरील निबंध १९३५ साली इंग्लंडच्या ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याआधीच उमेदवारीचे वर्ष सरले होते. कामाची प्रत पाहून रामन यांचे समाधान झाले, कमलाबाईंना नियमित प्रवेश मिळाला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. मोठ्या माणसाने आपले मत बदलावे, ही लहान गोष्ट नव्हे, आणि तेवढे श्रेय रामन यांना दिलेच पाहिजे. परंतु ते वर्ष फसले असते तर? एखादा तरुण नापास झाला, तर तो एकटा नापास होतो. कमला भागवत नापास झाल्या असत्या, तर मागून येणाऱ्या कितीतरी मुली परीक्षेला न बसताच नापास ठरल्या असत्या. त्या वर्षाचा खरा भार हा होता. त्यामुळेच हा विजय त्यांना निर्भेळ गोड कधीच वाटला नाही. तो अपमान आपण विसरलो नाही, असे त्यांनी पुढे कित्येक वर्षांनी जाहीरपणे सांगितले.

पुढील कहाणी सुपरिचित आहे. १९३६ साली एम्. एस्सी. झाल्यावर कमलाबाई केंब्रिजला गेल्या. नोबेल पारितोषिकाचे मानकरी फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या विभागात त्यांनी वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम ‘सी’ या द्रव्याविषयी संशोधन केले, आणि अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ साली पीएच्. डी. मिळवली. मायदेशी परतून त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयात आणि नंतर कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केले. १९४७ साली विवाहानंतर त्या कमला सोहोनी झाल्या व मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. गरिबांना परवडणारे पोषक पेय म्हणून नीरेचा त्यांनी केलेला अभ्यास राष्ट्रपतींच्या पुरस्काराने गौरवला गेला. त्या संस्थेच्या संचालकपदापर्यंत पोहोचलेल्या या विदुषीचे १९९८ साली निधन झाले.

एक दार उघडले म्हणजे सर्वच दारे उघडतात, असे मात्र नाही. १९४० साली अ‍ॅना मणी याच संस्थेत स्वतः रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. हिरे आणि माणकांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर त्यांनी उत्तम संशोधन केले, तथापि एम्. एस्सी. नसल्याचे कारण सांगून मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली. हवामानशास्त्रातील त्यांच्या थोरवीला त्यामुळे बाध आला नाही, परंतु ती पदवी त्यांना अखेरपर्यंत मिळाली नाही.

दरवर्षी देशाच्या कानाकोपऱ्यातून मुलीमुले बंगळूरच्या त्या प्रांगणात पाऊल ठेवतात. तेथील पहिले वर्ष आजही कठीणच असते, आणि ते तसे असावेही. कष्ट करून गुण मिळवणे हे विद्यार्थ्याचे कर्तव्य होय; पण गुण फक्त कामाचेच मोजले जावेत, ही जबाबदारी परीक्षकाची आणि समाजाची आहे. १९३३ साली ती जबाबदारीही एका बावीस वर्षांच्या मुलीला उचलावी लागली.